डेन्मार्कचे विणलेले कागदी बदाम: कागद, माप, नमुने – सल्ला हवा

ऑर्हुसची_पाहुणी

मंडळी, नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी डेन्मार्कात आलो, लेक इथल्या शाळेत दुसरीत आहे. नोव्हेंबरच्या शेवटी तिच्या वर्गाचा 'क्लिपेदाग' आहे. म्हणजे त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. आईबाप, आजीआजोबा वर्गात येऊन बसतात आणि मुलांबरोबर नाताळच्या कागदी वस्तू करतात. खायला एब्लेस्किवर, आपल्या अप्प्यांची गोड भावंडंच. पालकांच्या ग्रुपवर टेबलं वाटून झाली आणि माझ्या वाट्याला नेमकं विणलेल्या बदामांचं टेबल आलं.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: लाल आणि पांढऱ्या कागदाचे दोन लांबट तुकडे घ्यायचे, मधोमध घडी घालायची, मोकळं टोक गोल कापायचं आणि घडीच्या बाजूने काप द्यायचे. मग दोन्ही तुकडे एकमेकांत काटकोनात विणायचे. झाला लाल-पांढऱ्या चौकटींचा बदाम. गंमत अशी की तो आतून पोकळ असतो, वरून बोटं घातली की पिशवी उघडते. कागदाचा बंद चिकटवून नाताळच्या झाडाला टांगतात. इथे त्याला युलेयेर्ते म्हणतात.

आता प्रश्न. वर्गात २४ मुलं आहेत, वय आठ-नऊ. कागद कोणता घ्यावा? पट्ट्या तीन ठेवाव्यात की चार? तुकडे आधीच कापून न्यावेत की मुलांना कापू द्यावेत? आणि साध्या चौकटींच्या पुढे मला स्वतःला घरी काही करून बघायचं असेल तर सुरुवात कुठून करू? जाणकारांनी कृपया हात सैल सोडून लिहावं.

फ्यूनची_सून

अगदी योग्य ठिकाणी आलीस. मी ओडेन्सला राहते. सासर डॅनिश असल्यामुळे दर डिसेंबरात आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदाचा कचरा असतोच.

आधी कागद. इथे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात 'ग्लान्सपापिर' माग. पातळ, एका बाजूला रंगीत आणि चकचकीत, मागून पांढरा. बदामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या हाच वापरतात, आणि त्याला कारण आहे. चकचकीत बाजू बाहेर ठेवून घडी घातली की पट्ट्या एकमेकींवरून घसरतात, अडत नाहीत. खडबडीत हातकागद दिसायला सुरेख, पण विणताना जीव खातो.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हे विणकाम चटईसारखं 'वरून-खालून' नाही. घडीमुळे प्रत्येक पट्टी दुहेरी असते, तिला पोट असतं. पहिली लाल पट्टी पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या पोटातून जाते. मग दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला लाल आपल्या पोटातून जाऊ देते. तिसरीला पुन्हा लाल पांढऱ्याच्या पोटात. दुसऱ्या लाल पट्टीला हाच क्रम उलटा. मुलांना एवढंच म्हणायला शिकव: 'पोटात जा, पोटात घे'. एकाही ठिकाणी नुसतं वरून किंवा खालून नेलं तर बदाम दिसतो ठीक, पण उघडत नाही.

सुरुवात वरच्या खाचेजवळच्या पट्ट्यांपासून कर आणि प्रत्येक ओळ झाली की ती खाचेकडे सरकवून घट्ट बसव. खाली टोकाशी जागा उरली पाहिजे, नाहीतर शेवटची पट्टी रडवते.

पट्ट्या आठ-नऊ वर्षांच्यांना चार चालतील. धाकटी भावंडं येणार असतील तर काही जोड्या तीनच्या कापून ठेव.

काटकोन

वर ताईंनी पद्धत फार छान सांगितली आहे. मी मापं देतो. या वस्तूत दहापैकी आठ भानगडी विणण्याआधीच, फूटपट्टीपाशी होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

विणलेला भाग चौरस असतो. म्हणून तुकड्याची रुंदी जेवढी, तेवढीच कापाची लांबी, अधिक थोडी सैल जागा. वरचा गोल भाग म्हणजे अर्धवर्तुळ, त्याची त्रिज्या रुंदीच्या निम्मी. रुंदी ९ सेंटीमीटर धरली तर घडी घातलेली लांबी ९ + ४.५ = १३.५, उघडलेली २७. ए-४ कागद २१ बाय २९.७ असतो, म्हणजे एका कागदातून ९ रुंदीचे दोन तुकडे आरामात निघतात. वर ३ सेंटीमीटरची उभी पट्टी उरते, ती मधून कापली की दोन बंद तयार. २४ मुलांना १२ लाल आणि १२ पांढरे कागद पुरतील. फाटाफुटीसाठी चार-चार जास्त घ्या.

९ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. तीन पट्ट्या ३-३ च्या, सहा पट्ट्या दीड-दीडच्या, मुलांना फूटपट्टीवर खुणा करायला सोपं. चारच हव्या असतील तर ८ रुंदी घ्या, २-२ च्या पट्ट्या. तेव्हा घडी घातलेली लांबी १२ होईल.

आता सैल जागा. तीन-चार पट्ट्यांना काप रुंदीपेक्षा ३ ते ४ मिलिमीटर जास्त द्या, सहाला ५-६. पट्ट्या एकमेकींच्या पोटातून जाताना कागदाची जाडी दर ओळीला थोडी थोडी साठत जाते. नेमका ९ चा काप दिलात तर शेवटच्या ओळीपर्यंत ती जाडी तुमच्या छाताडावर बसते. जास्त सैल ठेवलंत तर खाचेपाशी भोक दिसतं. तेवढं चालतं, बंद चिकटवला की झाकलं जातं.

मुलांकडून हमखास होणारा एक घोटाळा: गोलाई घडीच्या बाजूला कापणं. मग तुकड्याचे दोन तुकडे होतात. घडीच्या कडेला आधी पेन्सिलीने जाड रेघ मारून ठेवा आणि 'या बाजूला गोल नाही' असं बजावा.

खडूफळा

मी पुण्यात शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवतो. कागदाची चटई आपल्याकडे बालवाडीपासून विणून घेतात. त्यामुळे हे बदाम वर्गात करायला घेतले तेव्हा मुलांचे हात आपोआप वर-खाली, वर-खाली करू लागले. तुमच्या टेबलावर भारतीय मुलं असतील तर लक्ष ठेवा, चटईचा सराव इथे आडवा येतो.

अवांतर: या दोन्हींचं घराणं एकच आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव पडलं. त्याने मुलांच्या हातांसाठी जे उद्योग ठरवले त्यात कागद दुमडणं, कापणं आणि विणणं होतं. ती पद्धत युरोपभर पसरली, आपल्याकडेही आली. डेन्मार्कात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बदाम घराघरात पोचले त्यामागे बालवाड्या आणि चकचकीत कागद या जोडीचा मोठा वाटा मानतात. बोटांना वळण लागतं आणि धीर धरायला शिकवतं, असं तिथल्या शिक्षकांचं म्हणणं. दुसरं किती खरं ते वर्गात २४ मुलं असताना ठरवा. :)

भारतात करून बघणाऱ्यांसाठी: ग्लान्सपापिर शोधत बसू नका, आपला घोटीव कागद घ्या. एका बाजूला रंग, मागून पांढरा, तीच चकाकी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतो, मुंबईकरांनी अब्दुल रहमान स्ट्रीटला बघावं. पतंगी कागद नको, लगेच चुरगळतो. जिलेटीन तर अजिबातच नको.

स्टॅव्हँगरवाला

कागदाबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. घोटीव किंवा ग्लान्सपापिर मोठ्यांच्या हातात ठीक, पण मुलांच्या घामट बोटांत पातळ कागद मऊ पडतो आणि पट्टीचं टोक कुत्र्याच्या कानासारखं दुमडतं. १००-१२० जीएसएमचा साधा रंगीत प्रिंटरचा कागद घ्या. दोन्हीकडून रंगीत असतो, त्यामुळे पिशवीची आतली बाजूही छान दिसते. आमच्याकडे नॉर्वेत बालवाडीत असेच करतात. फक्त इथे लाल-पांढऱ्याची सक्ती नाही, हिरवा-लाल-सोनेरी सगळं चालतं. त्यांना युलेकुर्व म्हणतात, आणि २३ डिसेंबरच्या संध्याकाळी झाड सजवताना पोरांनी केलेले वेडेवाकडेसुद्धा पुढच्या फांद्यांवरच लागतात.

फ्यूनची_सून

@स्टॅव्हँगरवाला, तीन-चार पट्ट्यांपर्यंत तुमचं पटतं. सहाच्या पुढे १२० जीएसएम घेतलात तर काटकोनरावांची ती साठणारी जाडी दिसेल. कार्डशीटचं तर नावच काढू नका, घडीवर तडा जातो आणि रंग उडून पांढरी रेघ दिसते.

ऑर्हुसची_पाहुणी

किती मनापासून लिहिताय सगळे, खूप खूप धन्यवाद! काल रात्री ८ सेंटीमीटरचे तुकडे घेऊन बसले. पहिल्या तीन ओळी मस्त. चौथ्या ओळीला शेवटची पट्टी शेवटच्या पोटात शिरता शिरत नाही, जोर लावला की कापाच्या मुळाशी फाटते. काप ८.३ चा दिला आहे. काही युक्ती?

काटकोन

मापं बरोबर आहेत. फाटतंय कापाच्या मुळाशी, म्हणजे ताण तिथे येतोय. तीन गोष्टी बघा. वरच्या ओळी खाचेकडे सरकवल्या आहेत का? सगळे काप एकाच लांबीचे आहेत का? एखादा जरी २ मिलिमीटर आखूड असला तर सगळा ताण तोच खातो. आणि कापाचं टोक कात्रीने टोकदार न सोडता पंचिंग मशीनने किंवा जाड सुईने बारीक भोक पाडून तिथे संपवा. गोल टोकापासून चीर पुढे पळत नाही. वर्कशॉपमध्ये पत्र्याला तडा गेला की त्याच्या टोकाला ड्रिल मारतात, त्यामागे कारण हेच.

फ्यूनची_सून

आणि शेवटची पट्टी बोटाने ढकलू नकोस. दोन्ही तुकड्यांच्या पट्ट्या किंचित सैल करून बदाम जरा तिरका, डोळ्यासारखा निमुळता कर. पट्टी आत गेली की पुन्हा सरळ ओढून घे. सासूबाई पत्र उघडायची बोथट लाकडी सुरी पट्टीच्या पोटात घालून वाट करतात. आईस्क्रीमची काडीही चालेल. मुलांच्या टेबलावर अशा काड्या मूठभर ठेव.

चार ओळींत तीन नीट झाल्या म्हणजे तुझा हात बसला आहे. पहिले बरेच डॅनिशसुद्धा टेबलाखाली टाकतात.

पानवेल

मी वसईची. आम्ही नाताळात गोठा करतो, चांदणी लावतो. यंदा गोठ्याच्या कडेने हे बदाम टांगायचं मनात आहे. पण आमचा गोठा अंगणात असतो आणि डिसेंबरात पहाटे चांगलंच दव पडतं. कागद टिकेल का? लॅमिनेट करून विणले तर?

खडूफळा

लॅमिनेट केलेलं विणायचं म्हणजे प्लास्टिकशी कुस्ती, घडीच नीट बसत नाही. विणून झाल्यावर पारदर्शक स्प्रेचा पातळ हात मारला तर दव थोडंफार सोसेल, पाऊस नाही. खरा उपाय फेल्ट कापड. तुकडे त्याच आकाराचे, काप तेच, फक्त सैल जागा जास्त ठेवा, कारण फेल्ट जाड. ८ च्या रुंदीला ७-८ मिलिमीटर तरी. फेल्ट ताणतं, त्यामुळे शेवटची पट्टी आपली मुकाट जाते. डेन्मार्कातही फेल्टचे करतात.

पानवेल

वा, फेल्टच घेते. दोन दिवस झोप लागली नसती. :)

चिवडा_पार्सल

एक व्यवहारी प्रश्न. आत भरायचं काय? आम्ही मालमोला राहतो. बायको म्हणते दिवाळीचे उरलेले शंकरपाळे भरू.

फ्यूनची_सून

शंकरपाळे नको हो, तुपाचे डाग एका तासात बाहेर दिसतात, पांढऱ्या चौकटींवर तर जास्तच. इथे पेबरनोडर नावाची बोराएवढी मसाल्याची बिस्किटं घालतात, ती कोरडी असतात. मनुका, बदाम, अक्रोड चालतील. वजन मात्र फार नको, बंद सुटतो. बंद चिकटवताना तो पिशवीच्या आत दोन्ही बाजूंना किमान दीड सेंटीमीटर जाऊ दे आणि डिंक वाळेपर्यंत कपड्यांचा चिमटा लावून ठेव.

शिवाय एक इशारा. इथे अजून बऱ्याच घरी झाडाला खऱ्या मेणबत्त्या लावतात. २४ तारखेच्या संध्याकाळी त्या पेटवून सगळे हात धरून झाडाभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. दृश्य सुंदर, पण कागदाचा बदाम मेणबत्तीच्या वरच्या फांदीला कधीही नको. आमच्याकडे बदाम आणि झेंड्यांच्या माळा कुठे हे आधी ठरतं, मग मेणबत्त्या, आणि पाण्याची बादली दाराआड.

चिवडा_पार्सल

बायकोला दाखवलं. शंकरपाळे आता मीच संपवतो.

जुनं_ते_सोनं

हा प्रकार मुळात किती जुना आहे? हॅन्स ख्रिश्चन अँडरसनने शोधला असं कुठेतरी वाचलं होतं.

फ्यूनची_सून

शोधला असं म्हणायला पुरावा नाही. पण आज जपून ठेवलेला सगळ्यात जुना बदाम त्याच्याच हातचा आहे, १८६० चा. माथिल्डे ओर्स्टेड हिच्यासाठी केलेला. विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये दाखवणाऱ्या ओर्स्टेडची ही मुलगी. अँडरसन कात्रीत पटाईत होता. मंडळींना गोष्ट सांगता सांगता कागद कापायचा आणि गोष्ट संपली की घडी उलगडून दाखवायचा, मग त्यातून नर्तकी, राजहंस, फाशीचा खांब असं काहीही निघायचं. इथे ओडेन्सला त्याच्या संग्रहालयात ती कातरकामं बघायला मिळतात. या गावात आलात तर चुकवू नका.

पुढे १८७१ मध्ये एका डॅनिश गृहोद्योगाच्या मासिकात बदाम कसे विणायचे ते छापून आलं. नाताळच्या झाडावर ते सर्रास दिसायला लागले मात्र १९१० च्या आसपास. म्हणजे ज्याला आपण 'प्राचीन परंपरा' म्हणतो ती आपल्या पणजीच्या काळची.

ऑर्हुसची_पाहुणी

जमला! तुम्ही सांगितलंत तसा तिरका करून शेवटची पट्टी घातली. कापाच्या टोकाला भोक पाडल्यावर फाटणं एकदम बंद.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळा की. साध्या चौकटींनंतर काय? इथे दुकानात वळणदार नमुन्यांचे बदाम दिसतात, लाटा असलेले, बदामात बदाम असलेले. आणि कागदाच्या पट्ट्यांच्या त्या जाड चांदण्याही. आधी काय घेऊ?

काटकोन

आधी असमान पट्ट्या. ९ रुंदीत १, २.५, २, २.५, १ असे काप द्या. दोन्ही तुकडे सारखेच. विणायची पद्धत तीच, कष्ट तेवढेच, पण नक्षी एकदम बदलते: कडेला बारीक चौकटी, मध्ये मोठ्या, त्यांच्यामध्ये लांबट आयत. लोकांना वाटतं काहीतरी अवघड केलंय.

त्यानंतर वळणं. इथे कात्री सोडा. कटर, खाली रबरी मॅट आणि छापील साचा घ्या. दोन्ही घडी घातलेले तुकडे एकावर एक ठेवून, चिमटे लावून एकाच वेळी कापले तर वळणं तंतोतंत जुळतात. विणायला घेताना एक तुकडा पालथा करा, म्हणजे डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी येते. ज्या पट्टीची रुंदी मध्येच फुगते ती अरुंद पोटातून नेताना त्रास देणार, म्हणून पहिल्यांदा समांतर लाटांचा नमुना निवडा, सगळीकडे पट्टीची रुंदी सारखी असलेला. बदामात बदाम नंतर.

स्टॅव्हँगरवाला

चांदण्या वेगळ्या, त्यात कात्रीचं काम जवळजवळ नाहीच. सारख्या मापाच्या चार पट्ट्या. दुमडून एकमेकींत अडकवून मधोमध चौरसाची गाठ, मग टोकं दुमडून आठ सपाट कोन, आणि शेवटी पट्ट्यांना पीळ देऊन दोन्ही बाजूंना चार-चार उभे कोन. एकूण सोळा. रुंदी आणि लांबीचं प्रमाण १ ला ३० च्या आसपास हवं, म्हणजे दीड सेंटीमीटरला ४५. ए-३ कागद ४२ चा असतो, त्याच्या १.४ च्या पट्ट्या कापा. तयार पट्ट्याही मिळतात, त्या घ्या असाच माझा सल्ला, कारण रुंदीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी टोकं आत शिरत नाहीत. टोकं आधी तिरकी कापून ठेवा.

दुसरीच्या मुलांना हे देऊ नका. उभ्या कोनांच्या पिळापाशी मोठी माणसंसुद्धा चांदणी भिंतीवर फेकतात.

खडूफळा

+१. चांदणी चौथी-पाचवीच्या पुढेच.

ताई, क्लिपेदागसाठी माझं मत: निम्म्या मुलांना तुकडे कापून द्या, निम्म्यांना साचा द्या आणि कापू द्या. कापायला आवडणारी आणि विणायला आवडणारी मुलं वेगळी असतात, पहिल्या दहा मिनिटांत कळतं. एक मोठा बदाम कार्डशीटचा नव्हे, वर्तमानपत्राएवढ्या कागदाचा करून मध्ये ठेवा, अर्धवट विणलेला. 'पोटात जा, पोटात घे' त्यावर बोटाने दाखवता येतं, प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकावं लागत नाही.

ऑर्हुसची_पाहुणी

मोठा अर्धवट बदाम ही कल्पना फारच आवडली, आज रात्रीच करते. ठरलं मग: ग्लान्सपापिर, ८ सेंटीमीटर, चार पट्ट्या, धाकट्यांसाठी तीनच्या दहा जोड्या, पंचिंग मशीन, आईस्क्रीमच्या काड्या. असमान पट्ट्यांचे बदाम घरी.

शेवटचं एकच. वर्गात दोन डावखुरी मुलं आहेत, त्यात एक आमचीच. त्यांना क्रम उलटा शिकवायचा का?

फ्यूनची_सून

क्रम उलटा नको. बदाम दोन्ही बाजूंनी सारखाच, त्यामुळे फक्त तुकडे अदलाबदल कर: ज्या रंगाच्या पट्ट्या आपण उजव्या हाताने फिरवतो तो तुकडा त्यांच्या डाव्या हातात दे. 'पोटात जा, पोटात घे' तसंच राहतं. कात्री मात्र डावखुऱ्यांचीच हवी. शाळेकडे असते, पण आदल्या दिवशी बाईंना विचारून एक आपल्या टेबलावर मागून ठेव, त्या दिवशी ती नेमकी दुसऱ्याच टेबलावर सापडते.

ऑर्हुसची_पाहुणी

बाईंना आत्ताच मेसेज टाकला. फोटो डिसेंबरात टाकते.

पानवेल

मीही टाकते, फेल्टचे. मरून आणि क्रीम रंग मिळालाय, लाल संपला होता.